शहरावरून विमान जाते तेव्हा

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे मोगलांच्या काळी दक्षिणेचे दार समजले जात असे. फारुकी सुलतानांची ही राजधानी १६०१ मध्ये, असीरगड पडला तेव्हा, पूर्णपणे अकबराच्या अमलाखाली आली. पुढे शाहजहानाचा मुक्काम येथे पडला आणि त्याची बेगम मुमताजमहल हिने १६३१ मध्ये येथेच देह ठेवला. कापड आणि जरतार यांच्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झाले. श्रीमंत शहराला भीती असते, आणि भीतीसाठी त्या काळी तट, बुरूज, दरवाजे व दरवाजांवरचे पहारेकरी असत. भीती कोणत्या वाटेने येईल हे ठाऊक असे. ती घोड्यावरून येई आणि रस्त्याने येई.

१६८१ च्या जानेवारीत, छत्रपती संभाजीमहाराजांचा राज्याभिषेक होऊन पंधरवडाच लोटला होता, तेव्हा मराठ्यांची फौज एकाएकी बऱ्हाणपुरावर येऊन आदळली. तटाबाहेर सतरा पुरे होते. त्यांतील बहादूरपुरा सर्वांत संपन्न. लक्षावधींची उलाढाल करणाऱ्या सराफांच्या व व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे होत्या. खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहिले आहे की, ही फौज इतक्या वेगाने आली की कोणालाही आपली मालमत्ता हलविता आली नाही. तटाच्या आतील लोकांना शत्रू आल्याची वार्ता कोणी जासुदाने दिली नाही. बाहेरच्या पुऱ्यांतून ज्वाळा व धूर आकाशात चढू लागले तेव्हा त्यांना ती कळली. शहरात फौज तोकडी होती. अधिकाऱ्याने दरवाजे लावून घेतले व बुरूज सांभाळले. तीन दिवस लूट चालू राहिली.

ही स्वारी त्या काळच्या राजनीतीतील एक युद्धकर्म होते. मोगलांच्या खजिन्यावर आणि प्रतिष्ठेवर घातलेला तो घाव होता, आणि आजच्या दहशतवादाशी त्याची तुलना करण्याचे कारण नाही. येथे तिची आठवण करावयाची ती नंतर घडलेल्या गोष्टीसाठी. मराठे निघून गेले, परंतु भीती गेली नाही. शहरातील प्रतिष्ठित व विद्वान मंडळींनी औरंगजेबाकडे अर्ज पाठविला. आपले वित्त आणि अब्रू दोन्ही गेली असून अशी स्थिती राहिल्यास शुक्रवारची सार्वजनिक नमाज बंद करावी लागेल, असे त्यांनी बादशहाला कळविले. शुक्रवारच्या नमाजात बादशहाच्या नावाने खुतबा वाचला जाई. ती बंद करणे म्हणजे ज्याला आपले रक्षण करता येत नाही त्याचे नाव आम्ही कशासाठी घ्यावे, असे विचारण्यासारखे होते. भ्यालेल्या प्रजेने राज्यकर्त्याला विचारलेला इतका थेट प्रश्न त्या काळी क्वचितच आढळतो.

बंडखोर शाहजादा अकबर संभाजीमहाराजांच्या आश्रयास गेला होता. त्या मोठ्या कारणाने औरंगजेब त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बऱ्हाणपुरास आला. तेथे असताना किल्ल्याजवळच्या एका घरात आग लागून दारूगोळ्याचा स्फोट झाला व पुष्कळ माणसे मेली. त्यानंतर असे उघडकीस आले की, खुद्द बादशहाच्या निजण्याच्या दालनाखालील तळघरात बंदुकीच्या दारूची तीस पोती पडून आहेत. शत्रूचे कारस्थान म्हणावे तर याहून भयंकर पुरावा कोणता हवा? पण चौकशी झाली तेव्हा निघाले ते निराळेच. पुष्कळ वर्षांपूर्वी दारूखान्याच्या अधिकाऱ्यांनी ती पोती तेथे ठेविली होती आणि त्यानंतरच्या एकाही कारभाऱ्याने तळघर झाडून पाहिले नव्हते. बादशहाने किल्लेदाराची कडक कानउघाडणी केली आणि काही अधिकाऱ्यांचे दर्जे उतरविले. खाफीखानाने नोंदविलेली ही हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. बऱ्हाणपुराला तिची आठवण पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी यावयाची होती.

या तीनशे वर्षांत भीतीची वाट बदलली. तट पडले, दरवाजे रस्त्याच्या मधोमध नुसते शोभेला उरले आणि माणसाने आकाशात वाट पाडली. आकाशाला वेस नाही आणि तेथे पहारेकरी उभा करता येत नाही. खाली उभ्या असलेल्या सामान्य माणसाला डोक्यावरून जाणारे विमान कोणाचे, ते इतक्या खालून का चालले आहे आणि त्याच्या पोटात काय आहे, हे कधीच दिसत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. विमानाची भीती आणि पूर्वीची भीती यांत मुख्य फरक आहे तो हाच.

मुंबईने हा अनुभव प्रथम दुसऱ्या महायुद्धात घेतला. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम् व काकिनाडा येथे बाँब टाकले. त्याच महिन्यात जपानी आरमार येत असल्याच्या चुकीच्या वार्तेवरून मद्रासच्या सरकारी कचेऱ्या आतल्या गावांना हलविण्यात आल्या. मुंबईत दिव्यांना काळी आवरणे चढली, खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या, आणि ज्यांना गावी घर होते अशी पुष्कळ कुटुंबे कोकणाची व घाटाची वाट धरू लागली. मुंबईवर शत्रूचा बाँब अखेरपर्यंत पडला नाही. परंतु दोन वर्षे लोकांचे कान आकाशाकडे लागून राहिले होते.

अशा कानांवर १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी एक प्रचंड आवाज आला. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्या जवळच कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या. कापसाला आग लागली, ती विझली नाही, आणि जहाज फुटले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा होता. जळता कापूस, लोखंडाचे तुकडे आणि जहाजातील सोन्याच्या विटासुद्धा शहरावर येऊन पडल्या. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझविताना प्राण वेचलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

त्या दुपारी मुंबईकरांच्या मनात पहिला विचार आला तो जपानी विमानांचाच. विमान कोणी पाहिले नव्हते. तरीही जे वरून कोसळत होते ते वरूनच कोणी टाकले असावे, हा तर्क त्या दोन वर्षांच्या पार्श्वभूमीवर अगदी स्वाभाविक होता. तो तर्क करणाऱ्या लोकांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापासून सत्य कोणी लपविले हे मात्र पाहिले पाहिजे. युद्धकालीन निर्बंधांमुळे या स्फोटाचे वृत्त बाहेर पाठविण्याची परवानगी वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळाली नाही. आणि जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्याचा तपशीलवार वृत्तान्त जगाला ऐकविला. ज्या शत्रूला कळू नये म्हणून बातमी दाबली होती त्याला ती ठाऊक होती. अंधारात ठेवले गेले ते आपलेच लोक.

असे असले तरी आकाशाची भीती नेहमीच पोकळ ठरते असे मुळीच नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यावरून एक मालवाहू विमान गेले आणि त्यातून हत्यारांच्या पेट्या छत्र्यांनी खाली सोडण्यात आल्या. सकाळी गावकऱ्यांना आपल्या परिसरात बंदुका व काडतुसे सापडू लागली. त्या शेकडो बंदुका होत्या आणि काडतुसे तर लाखांनी मोजावीत इतकी होती. या कटाची पूर्वसूचना परदेशातून भारत सरकारला मिळालेली होती. परंतु ज्यांना ती उपयोगी पडली असती त्यांच्या हाती ती वेळेवर पोहोचली नाही. तेच विमान चार दिवसांनी परतीच्या वाटेवर पुन्हा भारतावरून जाऊ लागले तेव्हा हवाई दलाने ते मुंबईच्या विमानतळावर उतरविण्यास भाग पाडले. वैमानिक पथक व त्यांचा एक ब्रिटिश साथीदार पकडले गेले, पण मुख्य सूत्रधार विमानतळावरून निसटला. पुरुलियाच्या गावकऱ्याला त्या रात्री विमानाचा आवाज ऐकून शंका आली असती तर ती खरीच ठरली असती. त्याचप्रमाणे २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर लहानशा ड्रोनमधून दोन स्फोट घडविण्यात आले, तेव्हा लग्नात चित्रीकरण करणारे यंत्र दुसरेही काम करू शकते हे देशाला कळले. मुंबईचे पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर, हलकी विमाने व फुगे यांच्यावर वेळोवेळी बंदीचे हुकूम काढतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

भीती खरी आहे, कारण खरे आहे, आणि तरीही ती विनाकारण कशी भडकविली जाते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण न्यूयॉर्क शहरात घडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी तेथील दोन उंच मनोऱ्यांवर प्रवासी विमाने आदळविण्यात आली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतर साडेसात वर्षांनी, २७ एप्रिल २००९ रोजी सकाळी, कामाच्या वेळेस, एक प्रचंड विमान सुमारे हजार फुटांवरून त्याच शहराजवळ घिरट्या घालताना लोकांना दिसले. त्याच्या मागे एक लढाऊ विमान होते. कचेऱ्यांतून माणसे जिने उतरून रस्त्यावर धावली. काहींना रडू आवरेना. प्रत्यक्षात ते राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यातील विमान होते आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पार्श्वभूमीवर त्याची छायाचित्रे घेणे एवढाच त्या उड्डाणाचा हेतू होता. या हौसेचा खर्च ३,२८,८३५ डॉलर झाला.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या उड्डाणाची माहिती कोणालाच नव्हती असे नाही. विमान वाहतूक खात्याने शहराच्या पोलिसांना व काही अधिकाऱ्यांना ती आधी कळविली होती, आणि जनतेला सांगू नये अशी ताकीदही त्याबरोबर दिली होती. स्वतः महापौरांनाही पत्ता नव्हता, आणि ते उघडपणे संतापले. ज्या अधिकाऱ्याने या उड्डाणाला संमती दिली होती त्याला पुढच्याच महिन्यात पद सोडावे लागले. सकाळच्या वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या असत्या तर त्या दिवशी एकही माणूस धावला नसता. उलट, मुलांना खांद्यावर घेऊन लोक ते विमान पाहावयास उभे राहिले असते.

हे केवळ अनुमान नाही. मुंबईने याचा प्रत्यय २००८ मध्ये घेतला. २६ नोव्हेंबरच्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी शहरात रक्तपात आरंभिला. त्यात १६६ माणसे बळी पडली. २८ तारखेच्या सकाळी कुलाब्यातील नरिमन हाउसच्या गच्चीवर एक हेलिकॉप्टर अगदी खाली आले आणि त्यातून कमांडो दोराने उतरले. एवढ्या दाट वस्तीवर, एवढ्या जवळून, एवढा कर्कश आवाज करणारे यंत्र एरवी कोणाचीही झोप उडविते. पण आसपासचे लोक पळाले नाहीत. ते रस्त्यांत व गच्च्यांवर उभे होते, कारण ते हेलिकॉप्टर कोणाचे व कशासाठी आले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्याच दिवशी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची अफवा उठली आणि एकही गोळी न सुटता शहरात पळापळ झाली. एकाच शहरात, एकाच दिवशी, डोक्यावरच्या खऱ्या यंत्राने धीर दिला आणि न झालेल्या गोळीबाराने घाबरविले. कुर्ला किंवा घाटकोपर येथील रहिवाशांच्या घरांवरून तर रोज शेकडो विमाने जातात, आणि त्यांची मुले त्या घरघरीत अभ्यास करतात.

मग सर्व काही सर्वांना सांगून टाकावे काय? तसेही नाही, आणि याचा धडाही त्याच तीन दिवसांनी दिला. दूरचित्रवाणीच्या काही वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली जशाच्या तशा दाखविल्या आणि सीमेपलीकडे बसलेल्या सूत्रधारांना त्यांचा उपयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात या प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. युद्धाची व पोलिसांची काही कामे गुप्तच ठेवावी लागतात. परंतु छायाचित्रांसाठी होणारे उड्डाण, जमिनीची पाहणी करणारे ड्रोन, सरावासाठी येणारी हेलिकॉप्टरे यांत लपविण्यासारखे काय असते? गुप्ततेचा नियम जेथे गरज नाही तेथेही लावला, म्हणजे लोक प्रत्येक गुप्त गोष्टीत संकट पाहू लागतात. आणि जेथे गुप्तता खरोखरी आवश्यक असते तेथेही त्यांचा विश्वास उरत नाही.

आता पुन्हा बऱ्हाणपुराकडे वळले पाहिजे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी लष्कराची एक विशेष गाडी या जिल्ह्यातून चालली असता सागफाटा स्थानकाजवळ तिच्या चाकांखाली स्फोटाचे आवाज झाले. चालकाने गाडी थांबविली. रुळावर दहा डिटोनेटर ठेवलेले होते. काही दिवसांनी ही बातमी बाहेर फुटली तेव्हा घातपात, कट, अतिरेकी असे शब्द देशभर उच्चारले गेले, आणि ते अस्वाभाविक नव्हते. गाडीत सैनिक होते, आणि रुळावर स्फोटक वस्तू सापडली होती. दहशतवादविरोधी पथकेही चौकशीस उतरली. मग रेल्वेने खुलासा केला की, हे डिटोनेटर रेल्वेचेच असून निरुपद्रवी आहेत. दाट धुक्यात, किंवा पुढे मार्गात अडथळा असल्यास, चालकाला आवाजाने सावध करण्यासाठी ते रुळावर ठेविले जातात. ते चोरून नेल्याच्या संशयावरून पकडला गेला तोही रेल्वेचाच एक कर्मचारी होता.

औरंगजेबाच्या दालनाखालील तीस पोत्यांची हकीकत येथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्ही वेळा वस्तू खरी होती आणि धोक्याची शंका रास्त होती. दोन्ही वेळा शोध बाहेरच्या शत्रूपर्यंत न जाता आपल्याच घराच्या कारभारापाशी येऊन थांबला. सागफाट्याच्या प्रकरणात आणखी एक विलक्षण योग आहे. जी वस्तू धोका सांगण्यासाठी बनविली गेली तीच धोका म्हणून ओळखली गेली. चालकाला तिच्या आवाजाचा अर्थ माहीत होता, म्हणून त्याने गाडी थांबविली आणि कोणतीही हानी झाली नाही. बातमी वाचणाऱ्या माणसाला तो अर्थ माहीत नव्हता. रेल्वेचा खुलासा बातमीच्या आधी नाही, निदान बातमीबरोबर आला असता तर बऱ्हाणपूरच्या नावाला ते चार दिवस चिकटले नसते.

याच्या उलट चित्र पुढच्या वर्षी दिसले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांची हत्या झाली आणि देश युद्धाच्या छायेत आला. सरकारने ७ मे रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव करण्याचे जाहीर केले. मध्य प्रदेशात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर आणि कटनी ही शहरे त्या यादीत होती, तर लोहमार्गाने बऱ्हाणपूरच्या जवळचे भुसावळ महाराष्ट्राच्या यादीत होते. भोंगे वाजणार, दिवे मालवावयाचे, हे सारे लोकांना वृत्तपत्रांतून व आकाशवाणीवरून आधी कळले होते. त्यामुळे ज्या भोंग्याने एरवी हाहाकार उडाला असता तो लोकांनी शांतपणे ऐकला आणि शाळांतल्या मुलांनी बाकाखाली कसे बसावे ते शिकून घेतले. तीनच दिवसांनी, १० मे रोजी, वाहिन्यांनी आपल्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नये अशी सूचना सरकारने दिली. त्यामागे मोठे व्यवहारज्ञान होते. रोज करमणुकीसारखा ऐकलेला भोंगा खऱ्या प्रसंगी कोण ऐकेल?

इंग्लंडने हे १९४० मध्ये ओळखले होते. जर्मन सैन्य उतरण्याची भीती होती तेव्हा तेथील सर्व चर्चच्या घंटा बंद करण्यात आल्या. शत्रू आला तरच घंटा वाजवावयाची, असा नियम झाला. रविवारची उपासना घंटेवाचून होऊ लागली, आणि श्रद्धावंतांनी ते सहन केले, कारण घंटेचा अर्थ काय हे प्रत्येक गावाला स्पष्ट सांगितलेले होते. संकेत एक असावा, त्याचा अर्थ एक असावा आणि तो आधी सांगितलेला असावा, हे तत्त्व त्यामागे होते.

बऱ्हाणपूरसारख्या शहराला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. पाहणीसाठी ड्रोन उडणार असेल, हेलिकॉप्टर उतरणार असेल, सराव होणार असेल, तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी दिवस, वेळ आणि कारण लोकांच्या भाषेत आदल्या दिवशी जाहीर करावे. काही अनपेक्षित घडले तर जेवढे निश्चित कळले तेवढे त्याच दिवशी सांगावे आणि जे कळावयाचे आहे त्याची चौकशी चालू असल्याचेही सांगावे. नागरिकांनी शंका आल्यास ती पोलिसांना कळवावी, चारचौघांत शत्रूचे नाव घेण्याची घाई करू नये. विशेषतः जेथे अनेक धर्मांची माणसे शेकडो वर्षे शेजारी राहत आली आहेत तेथे घाईने घेतलेले नाव एखाद्या निरपराध शेजाऱ्याच्या दारावर जाऊन आदळते, आणि पुढे खुलासा झाला तरी तो घाव भरून येत नाही.

१६८१ मध्ये बऱ्हाणपूरच्या लोकांनी बादशहाकडे केलेल्या अर्जात मागणी रक्षणाची होती. आज त्यांच्या वंशजांना रक्षणाबरोबर माहितीही मागण्याचा अधिकार आहे, कारण आता राज्य त्यांचे आहे. त्या वर्षी तटाच्या आतील माणसांना संकटाची बातमी बहादूरपुऱ्याच्या धुराने दिली. ती सांगण्याचे काम पुन्हा कधी धुरावर सोपवू नये, एवढी अपेक्षा त्यांनी आपल्या कारभाऱ्यांकडून अवश्य करावी.